शाळेच्या कापडाचा किल्ट

परदेशात चार मराठी माणसं दर शनिवारी सकाळी एकाच टेबलाशी बसायला लागली की किस्से साठतातच. कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात पार्सलचे प्लास्टिकचे डबे साठतात ना, तसं. फेकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात!

आमच्या टेबलाचे असे पुष्कळ आहेत. मी ते पार्ट्यांमध्ये सांगायचो आणि लोक पोट धरधरून हसायचे. त्यातले मिल्याच्या किल्टचे तर हुकमी. हल्ली मी ते सांगत नाही. आज सांगतो. माझ्या पोटात तसं काही राहत नाही, बायको म्हणते तुमच्या पोटाला तळच नाही. पण एक गोष्ट राहिली, अडीच वर्षं राहिली, आणि ती राहायला नको होती.

टेबल सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतलं, पंख्याखालचं. माणसं चार. दामले काका, बँकेतून रिटायर झालेले, बुकित तिमाहला कॉन्डो, सिटिझन होऊन जमाना झाला, तरी "आपल्या पुण्यात" म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. केदार, वुडलँड्सहून तासभर एमआरटी मेट्रोने येणारा, कारण तिकडे भाडं स्वस्त आणि इकडे कोपी नावाची इथली कॉफी फुकट, म्हणजे आमच्या पैशाने. तिसरा मी, सुधीर. आणि चौथा मिलिंद, आमचा मिल्या. मी आणि मिल्या एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, पाठीला पाठ लावून बसायचो.

*

मिल्याच्या जांघेतल्या गाठी काढल्या त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. गाठी वाईट होत्या. त्या गेल्या, जीव वाचला, पण डावा पाय सुजायला लागला. तो कायमचाच सुजणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पावलापासून मांडीपर्यंत पट्ट्या गुंडाळायच्या, घट्ट काही घालायचं नाही, आणि रोज एक तास चालायचं. त्याची फिजिओथेरपिस्ट एक चिनी बाई होती, आवाज असा की शाळेची हेडमास्तरीण वाटावी. तिने त्याला बोटांवर मोजून सांगितलं होतं, "नो वॉक, बिग लेग. बिग लेग, इन्फेक्शन. इन्फेक्शन, हॉस्पिटल. सिंपल, ओके?"

सिंपल कसलं! फुल पँट त्या पायावर चढत नव्हती. ऑफिसपुरती दोन साइझ मोठी पँट घालून तो एसीत बसून राहायचा, पण त्या पँटीत चाललं की पट्ट्या घासून कातडी सोलायची. हाफपँट घातली तर पट्ट्या दिसायच्या, आणि लिफ्टमध्ये प्रत्येक जण विचारायचा, "अंकल, व्हॉट हॅपन टु युअर लेग?" पंधराव्या मजल्यापासून खाली येईपर्यंत आजाराची सगळी पोथी वाचायची! मिल्या त्याला वैतागला होता. लुंगी नेसून पाहिली, ती एस्कलेटरवर सुटायला आली.

एका शनिवारी त्याने कोपीचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "मी एक किल्ट घ्यायचा म्हणतोय."

मग केदारने विचारलं, "कुणाला?"

"मला. रोज फिरायला जाताना घालायला. गुडघ्यापर्यंत किल्ट, स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो निऱ्यांचा घागरा, खाली गुडघ्यापर्यंत मोजे. पट्टी दिसणारच नाही. हवा खेळती. फक्त स्वस्तातला पाहिजे."

"अरे पण लोक काय काय विचारतील!" दामले काका म्हणाले.

"तेच तर, काका! लोक किल्टबद्दल विचारतील. पायाबद्दल कुणी विचारणार नाही."

आम्ही इतके हसलो की शेजारच्या टेबलावरची आजी वळून बघायला लागली. त्याला ते हवंच होतं, तोही हसला. पण वाक्य खरं होतं. त्या माणसाला आपल्या आजाराबद्दल कुणी विचारायला नको होतं, एवढंच. त्यासाठी तो स्कर्ट घालायला तयार होता.

*

आमच्या ऑफिसात इयन नावाचा स्कॉटिश मॅनेजर होता. वर्षातून एकदा, त्यांच्या सणाला, तो किल्ट घालून यायचा. मिल्या त्याच्याकडे सल्ला मागायला गेला, मी सोबत गेलो. तमाशा बघायला, दुसरं काय!

इयन इतका खूश झाला की त्याने मीटिंग पुढे ढकलली. अस्सल किल्ट लोकरीचा असतो, त्याला आठ वार कापड लागतं, मागे निऱ्या आणि पुढे सपाट, वगैरे वगैरे. किंमत सांगितली तेव्हा मिल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्या पैशांत तो, त्याची बायको अनघा वहिनी आणि लेक सई, तिघं पुण्याला जाऊन आले असते, आणि येताना लोणच्याची बरणीही विमानात चढली असती.

शनिवारी हे टेबलावर सांगितलं तर दामले काका म्हणाले, "आठ वार? म्हणजे नऊवारीला एकच वार कमी! आपल्या पुण्यात बायका ते घालून नदी पोहायच्या. तुला नुसतं चालायचंय!"

इयन मनाचा मोठा. त्याने स्वतःचा किल्ट मिल्याला घालून बघायला दिला. मिल्या तो घालून भर दुपारी क्लेमेंटी स्टेशनपासून घरापर्यंत चालत गेला. सिंगापूरचं ऊन आणि आठ वार लोकर! घरी पोचला तेव्हा वहिनींनी दार उघडून त्याला ओळखायच्या आधी पाणी दिलं.

इयनने मग कामाचं सांगितलं. रोजच्या वापराला कॉटन घे, कापड कमी चालेल, मशीनमध्ये धुता आला पाहिजे, आणि माप पँटीच्या जागी नाही, बेंबीवर घ्यायचं.

हे शेवटचं आमच्या लक्षात राहिलं असतं तर बरं झालं असतं.

*

मराठी पुरुषाला त्याच्या कमरेचं माप विचारा. तो कॉलेजातलं सांगतो.

मिल्याने ऑनलाइन एक स्वस्तातला किल्ट शोधला आणि फॉर्ममध्ये छातीठोकपणे चौतीस भरलं. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, टेप आणू का?" हा म्हणाला, "माझी कंबर मला माहीत नाही?"

पार्सल आलं. आम्ही सगळे बघायला जमलो होतो. मिल्या आत गेला, पाच मिनिटांनी बाहेर आला. किल्टची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती. मध्ये वीतभर अंतर! वहिनींनी बेंबीवर टेप लावला, चाळीस भरले. लांबीही गुडघ्याच्या पार वर, कारण तो किल्ट नव्हताच, पार्टीत घालायचा ड्रेस होता. पाकिटावर तसं लिहिलं होतं, फक्त बारीक अक्षरांत. पुढे, खऱ्या किल्टवर लटकवतात त्या थैलीच्या जागी, एक प्लास्टिकचं पाकीट चिकटवलेलं, त्याला नकली केस.

सई तेव्हा तेरा वर्षांची. तिने सोफ्यावरून मान वर केली आणि इथल्या इंग्रजीत फर्मावलं, "बाबा, कॅन नॉट, लाह!"

तो किल्ट अजून माझ्या घरी आहे. ओटा पुसायला चांगला आहे.

*

आता माझा पहिला पराक्रम.

डिसेंबरात मी पुण्याला चाललो होतो. मिल्याची ट्यूब पेटली. शाळेच्या गणवेशाचं कापड! चौकड्यांचं, कॉटन मिक्स, रोज धुतलं तरी विटत नाही, आणि स्वस्त. गणवेशाच्या दुकानात निऱ्यांचे स्कर्ट शिवणारे कारागीर वर्षानुवर्षं तेच शिवत आलेले. किल्टला आणखी काय लागतं? त्याने मला एक कागद दिला. कंबर चाळीस, बेंबीवर. निऱ्या मागे. पुढून एकावर एक पदर, वेलक्रो. चित्रसुद्धा काढून दिलं होतं.

मी दुकानात गेलो. काउंटरवर चष्मा नाकावर ओढलेले मालक.

"शाळा कुठली?"

"शाळा नाही. असाच शिवायचाय."

"इयत्ता?"

"नाही हो, मोठ्या माणसाला आहे. चव्वेचाळीस वय."

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग अजून कितवीत?"

मागे रांगेत दोन बायका होत्या, त्या फिसकन हसल्या. आणि मी, पंधरा वर्षं परदेशात राहिलेला, मीटिंगमध्ये गोऱ्यांना गप्प बसवणारा माणूस, घामाघूम झालो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वहिनींना हवाय. गॅदरिंगला. नाटकात शाळेतली मुलगी व्हायचंय त्यांना."

"मग तसं सांगा की!" मालक एकदम खुलले. मी दिलेल्या कागदावरचा कमरेचा आकडा तेवढा बघून त्यांनी तो कपाटात टाकला.

झालं. कारागीर हुशार होता, त्याने बाईमाणसासाठी म्हणून विचार करून शिवला. निऱ्या चहूबाजूंनी, बाजूला चेन, कंबर ढिली पडू नये म्हणून आत इलॅस्टिक, आणि वर खांद्यावरून जाणारे दोन पट्टे. फुकट!

सिंगापूरला मी तो पिशवीतून काढला तेव्हा मिल्या बराच वेळ पट्टे हातात धरून बघत बसला. मग म्हणाला, "सुध्या, तू त्यांना काय सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. आम्ही तिघं हसून हसून लोळलो. पण वहिनी हसता हसता मध्येच थांबून म्हणाल्या, "भावजी, एक वाक्य खरं बोलायला काय झालं होतं?" मी म्हटलं, "अहो वहिनी, लाज वाटली." त्यांनी तो किल्ट उसवला. तीन रविवार बसून, इलॅस्टिक काढून, निऱ्या मागे घेऊन, वेलक्रो लावून परत हाताने शिवला. बाटलीच्या रंगाचा हिरवा, त्यावर मरून चौकडे. पुण्याच्या कुठल्या तरी शाळेचा.

तो मात्र बसला. असा बसला की विचारू नका.

*

मिल्या रोज संध्याकाळी कॅनॉलच्या कडेने तासभर चालायला लागला. हिरवा किल्ट, पांढरे मोजे, वर कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट. पहिले दोन दिवस लोकांनी बघितलं, तिसऱ्या दिवसापासून बघणं सोडलं. सिंगापूरचं हे एक बरं आहे. रांग मोडू नका, बाकी काहीही घाला.

बाकावर बसणाऱ्या एका चिनी आजोबांनी विचारलं, "स्कॉटलंड, आह?"

"पुणे," मिल्या म्हणाला.

आजोबांनी मान डोलावली. "पुणे. विच साइड ऑफ स्कॉटलंड?"

त्यांच्या ब्लॉकचे मलाय सिक्युरिटी अंकल शुक्रवारी सारोंग, म्हणजे त्यांची लांब लुंगी, नेसून नमाजाला जायचे. त्यांनी मिल्याचा किल्ट बोटांनी चाचपून बघितला आणि फार काळजीने म्हणाले, "व्हेरी नाइस, ब्रदर. बट व्हाय सो शॉर्ट? क्लॉथ नॉट इनफ, आह?"

पायाबद्दल कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. महिन्याभराने फिजिओवाल्या बाईंनी टेप लावला, सूज तीन सेंटिमीटरने उतरली होती. त्या शनिवारी मिल्याने सगळ्यांची कोपी दिली, वर केदारला नारळाच्या जॅमचा कायाटोस्टही दिला. सईसुद्धा कधी कधी त्याच्याबरोबर चालायला जायची. दहा पावलं मागे, कानात हेडफोन घालून, पण जायची.

त्या सात-आठ महिन्यांत तो जितका मजेत होता, तितका मी त्याला ऑपरेशनच्या आधीही बघितला नव्हता. हे लिहितानासुद्धा वाईट वाटतं.

*

मग गणपती आले. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा गणपती एका हॉलमध्ये असतो. निमंत्रणात लिहिलं होतं, "कृपया पारंपरिक पोशाखात यावे." मिल्या किल्टवर झब्बा घालून आला!

दारातच समितीच्या एका बाईंनी अडवलं. "पारंपरिक म्हटलं होतं हो."

दामले काका मागून म्हणाले, "कुठल्या परंपरेचा ते कुठे लिहिलंय?"

आरती झाली. प्रसादाच्या रांगेत एक भलामोठा उभा पंखा लावलेला होता, ज्याच्यापुढे पेपर नॅपकिनसुद्धा टिकत नव्हते. मिल्या दोन्ही हातांत मोदकांचं ताट धरून त्याच्यासमोरून निघाला. आणि निऱ्या उडाल्या!

आता दोनच मार्ग. ताट सोडून किल्ट धरायचा, नाहीतर किल्ट सोडून ताट. मिल्याने मोदक वाचवले!

आत ढगळी चड्डी होती, तसं लाज जाण्यासारखं काही नव्हतं. केदार खाली बसून हसत होता. काकांच्या डोळ्यांतून पाणी. मिल्या स्वतः सगळ्यात मोठ्याने हसत होता. आणि मी फोन काढून फोटो घेतला.

फोटोत मांडीपर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. पट्टीच्या वरची सूजही. खरं सांगतो, मला त्या दिसल्याच नाहीत. मला फक्त मोदक दिसले. मी तो एकट्या केदारला पाठवला, खाली लिहिलं, "मोदक वाचले!" केदारने बायकोला पाठवला. बायकोने कुणाला, ते तिलाही आठवत नाही. दोन दिवसांत तो मंडळाच्या ग्रुपवर होता, आठवड्यात माझ्या पुण्याच्या मावसभावाने मलाच पाठवला, "हा तुमच्याकडचा का रे?" म्हणून.

पुढच्या शनिवारी मिल्याने टेबलावर विचारलं, अगदी साधेपणाने, "तो फोटो कुणी काढला रे?"

केदारने कोपीत बघितलं. काकांनी वर पंख्याकडे बघितलं. मी म्हणालो, "अरे, एवढी माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. कोण कुणाला विचारणार?"

"हो, तेही खरंच," मिल्या म्हणाला. मग केदारने क्रिकेटचा विषय काढला आणि आम्ही सगळे त्यात घुसलो. गणवेशाच्या दुकानात बोललो, तसाच बोललो मी. तिथे निदान पट्टे उसवता आले.

*

त्यानंतर मिल्याचा फोन थांबेना. प्रत्येक मराठी घरात एक वैद्य असतो, त्याला रोगी तेवढा लागतो. एरंडाचं पान बांध. हळदीचा लेप लाव. पाय भिंतीला उलटा टेकवून झोप. एका गृहस्थांनी तर ऑफिसात गाठून सांगितलं, "मीठ सोड आणि माझ्याबरोबर योगाला ये, आठ दिवसांत पाय असा बारीक करतो की तुला दुसऱ्याला पँट उसनी द्यावी लागेल!" मिल्या सगळ्यांना "हो हो" म्हणायचा. पूर्वी लिफ्टमधले अनोळखी लोक विचारायचे, आता ओळखीचे सगळे विचारायला लागले.

आणि मग एका बाईंनी, सई शेजारी उभी असताना, मिल्याला विचारलं, "हत्तीरोग तर नाही ना हो? म्हणजे, लागट असतो का? मुलं एकत्र खेळतात म्हणून आपलं विचारलं."

फोटो सईच्या वर्गातही पोचला होता. कुणाच्या तरी आईच्या फोनवरून. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, कॅन यू जस्ट वेअर नॉर्मल पँट्स? प्लीज, लाह."

जगाने काहीही म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. पण हे सई म्हणाली. दुसऱ्या दिवशी किल्ट धुवून, घडी घालून कपाटात गेला.

चालणं आधी एक दिवसाआड झालं. मग ऑफिसात काम फार आहे. मग पाऊस आहे. मग शनिवारी टेबलावर येणंही थांबलं. मी पाठीला पाठ लावून बसत होतो, खुर्ची वळवायचा अवकाश होता. पण वळवली नाही, कारण वळलो असतो तर बोलावं लागलं असतं. तिसऱ्या महिन्यात पाय लाल झाला, ताप चढला. सहा दिवस हॉस्पिटल.

मी भेटायला गेलो तेव्हा फिजिओवाल्या बाई टेप घेऊन उभ्या होत्या. उतरलेलं सगळं परत आलं होतं, वर आणखी चार सेंटिमीटर. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "यू फ्रेंड, आह? व्हाय हि स्टॉप वॉकिंग?"

मी म्हणालो, "आय डोंट नो."

*

माणसाला चूक कबूल करायची नसली की तो खर्च करतो. मीही केला. इयनला मधे घालून थेट स्कॉटलंडहून किल्ट मागवला. हलकं कापड, मापाचा, चाळीस, बेंबीवर, सगळं बरोबर. किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही.

तो घेऊन मिल्याच्या घरी गेलो. तो आत झोपला होता. वहिनींनी खोका उघडला, कापडावरून हात फिरवला.

"छान आहे हो," म्हणाल्या. "त्या दुकानात हे मिळालं असतं तर माझे तीन रविवार वाचले असते."

मी हसलो. त्या नाही हसल्या.

"ठेवते मी," त्या म्हणाल्या. "पण भावजी, प्रश्न कापडाचा नव्हता."

त्यांनी चहा विचारला. मी काम आहे सांगून निघालो. त्या दिवशी रविवार होता, कसलं काम!

*

हॉस्पिटलमधून तो घरी आल्यापासून मी त्याला रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायला लागलो. "पाय कसा आहे? चाललास का?" एवढंच. हळूहळू तो ढगळ्या पँटीत, ब्लॉकच्या खाली, खांबांमधून वीस मिनिटं चालायला लागला. किल्ट पुन्हा घातला नाही. सूज थोडी उतरायची, परत चढायची. मधे माझे वडील गेले, तेव्हाही मी पुण्याहून फोन केला. तो म्हणाला, "अरे, आज तरी राहू दे." मी म्हटलं, "चाललास का सांग."

अशी अडीच वर्षं गेली. मग त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, इथे कामाला राहायचा पास पुढे वाढला नाही. पुण्याला कायमचं परत जायचं ठरलं. सामान बांधायला मी गेलो. वहिनी आणि सई खाली शेजाऱ्यांना कुंड्या द्यायला गेल्या होत्या. रिकाम्या हॉलमध्ये आम्ही दोघं, खोक्यांवर बसलेले.

मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मिल्या, तो गणपतीतला फोटो..."

"हं."

"मी काढला होता. केदारला मीच पाठवला. आणि तू विचारलंस तेव्हा तोंडावर खोटं बोललो."

तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता. "ती कात्री दे इकडे," म्हणाला. मी दिली.

"मला माहितीये ते," तो म्हणाला.

"केदार बोलला?"

"केदार कशाला बोलेल! अरे, त्या फोटोत केदार हसतोय, काका हसतायत, मी हसतोय. आपल्या टेबलावरचा एकच माणूस त्यात नाहीये."

मी म्हणालो, "म्हणजे त्या शनिवारी विचारलंस तेव्हाही माहीत होतं?"

"हो. म्हटलं बघू, बोलतो का."

"अरे मग शिव्या घालायच्यास! दोन कानाखाली द्यायच्यास! अडीच वर्षं गप्प का बसलास?"

त्याने पट्टी कापली, अंगठ्याने दाबून बसवली. मग माझ्याकडे बघितलं.

"मला हॉस्पिटलात बघायला पन्नास माणसं आली, सुध्या. महिन्याभरात सगळी बंद झाली. रोज सातला फोन एकच यायचा. तो का येतो, ते मला कळत होतं. मी बोललो असतो तर तू सॉरी म्हणाला असतास, आणि मोकळा झाला असतास. मग मला फोन कुणी केला असता?"